कार्बनचे बाण आणि बाबांच्या कानातला कापूस

धनुष्यबाणानं शिकार करायची तर बाण कार्बनचे घ्यावेत की ॲल्युमिनियमचे, असं दोघा-तिघा वाचकांनी विचारलंय. उत्तर दोन ओळींत देता येईल. पण मला ते ज्या तीन दिवसांत मिळालं, ते सांगितल्याशिवाय मी काही तुम्हाला सोडणार नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मी अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पत्र्याच्या चाचण्या करायचो. लग्न व्हायचं होतं. बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. बहिणीचं बाळंतपण असल्यामुळे आई मागं राहिली होती. बाबांनी कारखान्यात तेहतीस वर्षं लेथ चालवला, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात ते माझ्या अपार्टमेंटमधल्या सोफ्यावर येऊन बसले. दर सोमवारी सकाळी मी नागपूरला फोन लावायचो. स्पीकरवर आईचा प्रश्न ठरलेला: "दिवसभर काय करता हो?" बाबांचं उत्तरही ठरलेलं: "काही नाही. बसलो आहे."

आठवड्यामागून आठवडे तेच. एकदा मी म्हटलं, "बाबा, लायब्ररीत सोडू का?" तर म्हणाले, "तिथंही बसायचंच आहे ना?" मला ते फार लागलं. ज्या माणसाच्या हाताखालून लोखंड सरळ होऊन जायचं, त्याला मी रिकामं बसवून ठेवलं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर डेल बसायचा. उत्तरेला ग्रेलिंगजवळ त्याच्या वडिलांचा, वॉल्टचा, लाकडी कॅम्प, म्हणजे जंगलातलं शिकारीचं घर, होता आणि दर ऑक्टोबरला बाप-लेक तिथं धनुष्यानं हरणाची शिकार करायचे. त्या वर्षी त्यानं मलाही बोलावलं. मी उन्हाळाभर तिरंदाजीच्या रेंजवर सराव केला, शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला, लायसन्स काढलं. निघायच्या आठवड्यात डेलला म्हटलं, "माझे वडील आले तर चालेल का?" तो म्हणाला, "चालेल म्हणजे काय, आणच!"

राहिला प्रश्न बाणांचा. रेंजवर मी ॲल्युमिनियमचे बाण मारायचो. कार्बन तेव्हा नवीन होता: हलका, वेगवान, आणि दिसायला असा झोकदार की हातात घेतल्यावर खाली ठेववेना. मी डझनभर घेतले. दुकानदारानं विचारलं, "तुमच्या मापाला कापून देऊ?" मी ऐटीत म्हणालो, "नको, मी इंजिनिअर आहे." आपल्याकडे जे घरी होतं ते दुकानात करून घेणं म्हणजे कमीपणाच. मी स्वयंपाकघरात उभा राहून, तांब्याचे पाइप कापायच्या कटरनं बारा बाण कापले. बाबा सोफ्यावरून बघत होते.

शुक्रवारी दुपारी बाराला आम्ही निघालो. ट्रॉयहून सरळ पंच्याहत्तर नंबरचा हायवे धरायचा आणि तीन-साडेतीन तास उत्तरेला जात राहायचं, वाट चुकायची सोयच नाही. सॅगिनॉजवळ एक उंचच उंच पूल लागतो, तिथून खालची शेतं फार सुंदर दिसतात. पुढं मेपल संपून पाइनचं जंगल सुरू होतं. पेट्रोल वाटेतच भरा, कॅम्पच्या बाजूला पंप विरळ आहेत. जेवणाचं म्हणाल तर आम्ही पोळ्या, झुणका आणि ठेचा बांधून घेतला होता. रेस्ट एरियातल्या लाकडी बाकावर बसून जेवलो, वर थर्मासमधला चहा.

"थंडी पाह्य ना," म्हणत बाबांनी स्वेटरच्या खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत बोळे घातले. विदर्भातल्या डिसेंबरची सवय. मी म्हटलं, "बाबा, इथं कोणी कानात कापूस घालत नाही." ते म्हणाले, "म्हणून तर सगळे शिंकतात." खरं सांगतो, मला त्या कापसाची थोडी लाज वाटली होती.

चारच्या सुमारास कॅम्पला पोचलो. एक मोठी खोली, लाकडाचा स्टोव्ह, बाहेर व्हरांडा, संडास मागं पन्नास पावलांवर. वॉल्ट सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. त्यानं बाबांचा हात हातात घेतला, तळवा उलटून बघितला आणि नुसती मान हलवली. माझा हात त्यानं उलटून बघितला नाही.

चहा-कॉफी झाल्यावर मी टेबलावर बाण मांडले आणि सुरू झालो. वॉल्टचा सगळा जन्म ॲल्युमिनियमवर गेलेला, त्यामुळे मला जोरच चढला. "ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन वाकत नाही. हलका बाण म्हणजे जास्त वेग, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खपून जातं." वॉल्ट म्हणाला, "माझा बाण वाकला की मला दिसतो. तुझा बिघडला की तुला कसं कळणार?" मी हसून म्हणालो, "बिघडतच नाही." डेलला माझं पटलं. त्यानं दुसऱ्या दिवशीसाठी माझ्याकडून तीन बाण मागूनही घेतले.

बाबा टेबलाशी आले. एक बाण उचलून त्यांनी अंगठ्याच्या नखावर फिरवला. दुसरा उचलला. मग कापलेलं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. आणि उजव्या कानातला कापूस काढला.

मी मनात म्हटलं, आता हे काय!

त्यांनी तो बोळा बाणाच्या टोकाकडून हळूच मागं ओढला. बाण गुळगुळीत, काळा. पण टोकापासून दोन बोटांवर कापसाचा एक धागा अडकून राहिला. दुसऱ्या बाणालाही अडकला. मग त्यांनी डाव्या कानातलाही कापूस काढला, बाण कानाशी धरून दोन्ही हातांनी अगदी किंचित वाकवला आणि ऐकत राहिले. एकेक करत बाराही बाण झाले. पाच इकडे ठेवले, सात तिकडे. डेलला दिलेल्या तिनांतले दोन त्या सातांत होते.

"प्रशांत," ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "या सातांत चीर आहे. वाकवलं की टिक् वाजतंय. सोडताना फुटला तर याचे काटे धनुष्य धरलेल्या हातात जातील."

"दुकानदारानं खराब माल दिला असेल," मी म्हटलं.

"नाही. हे तुझं काम आहे. पाइप कटर दाबून कापतो. तांबं दबतं, हे दबत नाही, फुटतं. मी घरी पाहिलं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मला वाटलं, नवीन वस्तू आहे, याला माहीत असेल."

वॉल्टनं विचारलं, "काय म्हणतायत ते?"

वॉल्ट आणि डेल दोघंही माझ्याकडे बघत होते. बाबांना इंग्रजी येत नाही, असंच मी धरून चाललो होतो. "बाबा म्हणतात, दुकानातून खराब लॉट आलाय," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. बाण बाजूला झाले असते, कोणाला इजा झाली नसती, माझी इंजिनिअरकी शाबूत राहिली असती. फक्त त्या दुकानदाराच्या नावावर एक खोटं लागलं असतं. आणि बाबांनी नुसते खराब बाण वेगळे काढले, एवढंच झालं असतं. ते का खराब झाले हे त्यांनी ओळखलं, ती खरी कारागिरी त्या खोलीत कोणाला कळलीच नसती.

मी सांगितलं. जसंच्या तसं. "ते म्हणतात सात बाणांना चिरा आहेत. चूक दुकानाची नाही, माझी आहे. मी चुकीच्या हत्यारानं कापले. आणि डेल, तुला दिलेल्यांतले दोन फुटलेले आहेत. सॉरी."

वॉल्टनं कातडी हातमोजे चढवले, सातांतला एक उचलला आणि वाकवला. काडकन आवाज झाला आणि टोकाशी सुयांसारखे काटे उभे राहिले. डेल कितीतरी वेळ आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होता.

वॉल्ट बाहेर व्हरांड्यात गेला आणि एक बादली घेऊन आला. बादलीत वाकलेले ॲल्युमिनियमचे बाण, पंचवीस-तीस तरी असतील. त्याच्याकडचं सरळ करायचं यंत्र बिघडून कैक वर्षं झाली होती, पण बाण टाकून द्यायला जीव धजत नव्हता. त्यानं बादली बाबांसमोर ठेवली.

शनिवारी सकाळी बाबा व्हरांड्यात बसले. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत त्यांनी खाचा कोरल्या, बाण त्यावर ठेवून फिरवायचे, उंचवट्याला खडू टेकवायचा, खूण उठली की अंगठ्यानं दाबायचं, पुन्हा फिरवायचं. वॉल्ट शेजारी खुर्ची टाकून बसला. शिकारीला गेलाच नाही. दोघांना एकमेकांची भाषा बोलता येत नव्हती आणि दुपारपर्यंत कोणाचं काही अडलं नाही. पलीकडच्या कॅम्पवरचा एक गृहस्थ साखर मागायला आला, आणि अर्ध्या तासानं स्वतःचे बाण घेऊन परत आला. मला काय वाटलं ते सरळच लिहितो: माझी छाती फुगली होती. येईल त्याला मी सांगत होतो, हे माझे वडील.

मी वॉल्टचे, बाबांनी सरळ केलेले, सहा बाण घेतले आणि गवताच्या गठ्ठ्यावर दोन तास मारत बसलो. जड बाण लांबवर खाली उतरतो, म्हणून वीस पावलांपलीकडे सोडायचा नाही असं ठरवलं. संध्याकाळी तीस पावलांवर एक छान नर आला, त्याला जाऊ दिलं. रविवारी सकाळी कोवळ्या शिंगांचा एक नर पंधरा पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. बाण आरपार गेला. चाळीस पावलांवर तो पडला, पुन्हा उठला नाही. बाबा आले, क्षणभर हात जोडून उभे राहिले. मग जमिनीत रुतलेला बाण काढून त्यांनी नखावर फिरवला. "सरळच आहे अजून," म्हणाले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आज मीही कार्बनच वापरतो, माल खूप सुधारलाय. पण कापायचे ते दुकानातच, वेगानं फिरणाऱ्या चक्रीवर. आणि प्रत्येक वेळी सोडण्याआधी कापूस फिरवायचा, वाकवून ऐकायचं. ॲल्युमिनियम आपली चूक दाखवतं, कार्बन लपवतं. ज्याला तपासायचा कंटाळा आहे त्यानं ॲल्युमिनियमच घ्यावं. हरणाचं मांस कोरडं असतं, म्हणून सावजी रस्सा करताना तेलाचा हात सढळ ठेवा.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी नागपूरला फोन लावला. स्पीकरवर आईनं विचारलं, "काय केलं हो तीन दिवस?"

"अगं, बसायला वेळच नाही मिळाला," बाबा म्हणाले. "काम आलं होतं."

मग बादलीपासून साखरवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. मी चहा ओतत होतो. शेवटी म्हणाले, "आणि तुझ्या पोराची एक गोष्ट सांगतो. त्याची चूक मी मराठीत सांगितली होती, त्याला लपवता आली असती. तेहतीस वर्षं इंग्रजी ड्रॉइंग वाचली मी. बोलता नाही येत, पण समजतं. ऐकत होतो मी. एक शब्द बदलला नाही त्यानं."