तिबळू

समोरच्या जिन्यात दोन मुली कसलीशी बनावट भाषा बोलत बसल्या होत्या. खालून एकीच्या आईने हाक मारली, तशी एक म्हणाली, "फिंगुट!" आणि दोघी खिदळत वर पळाल्या. कपडे वाळत घालता घालता माझे हात थांबले.

आमचीही होती अशी भाषा, माझी आणि आक्काची. शब्दाशब्दाला जन्मकथा होती. 'खुसर' म्हणजे आत्या येतेय, कारण तिच्या खळ घातलेल्या पातळाचा तसाच आवाज यायचा. 'गोटली' म्हणजे गालात दडवलेला खाऊ. ही भाषा जगात आम्हा दोघींनाच यायची.

म्हातारपणी आक्काला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली. एका दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते, तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "तिबळू."

तिचा मुलगा धावत आला. "मावशी, काय म्हणतेय आई?"

मला सांगता येईना. शब्द आमचाच होता, त्याचा अर्थ तेवढा कुठे गळून पडला होता. आणि विचारणार कुणाला? ठाऊक होतं तिला एकटीलाच, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"तिबळू?" तिने पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणाले. "हो गं आक्का."

तिने मनगट सोडलं. निवांत डोळे मिटले.

आता आक्का नाही. आणि मी तिला कशाचा शब्द दिलाय, ते मला अजून आठवत नाही.