पोपटी आणि बायकोचं नाक

माझ्या बायकोचं नाक हा आमच्या घरातला एकमेव दागिना होता. बाकीचे केव्हाच सोनाराकडे गेले. नाक गहाण ठेवता येत नाही म्हणून ते राहिलं.

दिघीच्या धक्क्याला होडी लागली की ती इकडे भाकरी थापता थापता सांगायची, "आज बांगडा शिळा हाय, जाऊ नका." मधे दोन वाड्या, एक टेकडी आणि काजूचं आख्खं रान. मी वाढवून सांगतो असं ज्यांना वाटतं त्यांनी टेकडी वगळावी. वाड्या मात्र दोन्ही राहू द्याव्यात. मिठाला वास नसतो असं शाळेत शिकवतात, पण बायको त्या धड्याच्या आधीच शाळेतून बाहेर पडली होती. गावातल्या बाया कालवणाचं टोप पदराखाली झाकून आमच्या दारावरून नेत, आणि ही आतूनच ओरडायची, "मीठ ऱ्हायलंय गं." एकदा तर एका लग्नाच्या मांडवासमोरून नुसती चालत गेली आणि आचाऱ्याला म्हणाली, "वरण खालून लागलंय." आचारी पंचक्रोशीत नावाजलेला. त्यानं तिला ऐकवायचं ते ऐकवलं, मग पातेलं उपसलं, आणि तळाला हा असा काळा थर. वऱ्हाडी म्हणाले, सांगायची काय गरज होती. ती म्हणाली, "लागलंय तर लागलंय म्हणायचं न्हाय काय?"

हा तिचा दुसरा गुण. तिला खोटं बोलता येत नसे. आमच्या घरात दोघांना पुरेल एवढं खोटं मी एकटाच बोलायचो, त्यामुळे तिला कधी जरूर पडली नाही.

या नाकावर आमचं घर चालायचं. मी खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडायचो. त्यात पोट भरतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं ती भरायची. हरिहरेश्वराला निघालेली मंडळी आमच्या पडवीत जेवायला थांबत. सुक्या जवळ्याचं कालवण, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. त्यात जवळा मूठभर आणि पाणी विहीरभर, पण मसाला असा की माणसं बोटं चाटता चाटता मनगटापर्यंत जायची. एक गृहस्थ तर देवदर्शन विसरून आमच्याच दारातून परत पुण्याला गेले.

मग तो ताप आला. सगळ्या जगाला आला तोच. माझ्याकडे तो पाहुण्यासारखा आला, चार दिवस राहिला, गेला. तिच्याकडून जाताना वास घेऊन गेला.

आम्हाला वाटलं येईल परत. लोकांचे येत होते. कुणाचा पंधरा दिवसांनी, कुणाचा दोन महिन्यांनी. तिनं मे महिन्यात नेहमीसारखा वर्षाचा मसाला करायला घेतला. अंगणात चूल मांडली, मोठ्या कढईत मिरच्या भाजायला टाकल्या. मी लाँचवर होतो, आणि शप्पथ सांगतो, खाडीच्या मध्यावर मला ठसका लागला. घरी पोचलो तर आळीतली माणसं तोंडाला फडकं लावून रस्त्यावर आलेली, कुत्री समुद्राकडे पळालेली. आणि ही धुराच्या मधोमध शांत बसून कोळशासारख्या झालेल्या मिरच्या हलवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कढई ओढून काढली तेव्हा तिनं वर बघितलं.

"करपल्या काय हो?"

"थोड्याशा," मी म्हटलं.

तिनं एक मिरची हातात घेऊन चुरली. हात काळा झाला. मग ती उठून आत गेली आणि त्या दिवसापासून चुलीसमोर बसली नाही. पडवीतली जेवणं बंद झाली. चवीचं काय ते आपल्याला कळत नसताना परक्याच्या ताटात वाढायचं म्हणजे फसवणूक, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, अर्धी हॉटेलं असंच करतात.

डॉक्टरनं सांगितलं होतं की जीभ शाबूत आहे. मीठ कळतं, तिखट कळतं, आंबट-गोड कळतं. पण मीठ-तिखट लावलंय कशाला, ते नाकाशिवाय कळत नाही. मी विचारलं, जेवताना कसं वाटतं. ती म्हणाली, "गरम ओला पुठ्ठा. कधी तिखट पुठ्ठा, कधी आंबट." आणि माणूस पुठ्ठा किती दिवस खाईल? दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

तेव्हा मी टोप हातात घेतलं. मनाशी पक्कं केलं की या घरात असं काहीतरी शिजवायचं, की नाक झक मारत जागं होईल. लाँचचं काम आता अर्ध्यावर आलं होतं, त्यामुळे वेळ भरपूर, फक्त टोपात टाकायला काही नव्हतं. पण अडचणीतला स्वयंपाकी म्हणजे जादूगार. फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवल्या आणि त्यांचा असा रस्सा केला की आठळीला स्वतःला वाटलं आपण मटण आहोत. शेवगा शेजाऱ्याचा, पण त्याची फांदी आमच्या बाजूला. त्या फांदीनं आम्हाला पूर्ण पावसाळा पोसलं. सुके बोंबील वांग्यात, वांगी संपली की बटाट्यात, बटाटा संपला की नुसत्या पाण्यात. उकडलेलं अंडं दोऱ्यानं असं कापायचो की चकत्यांतून पलीकडचा समुद्र दिसायचा, आणि कालवणात चार माणसांचं अंडं तरंगतंय असं वाटायचं. रविवारी बेकरीतून तुटक्या नानकटाईचा चुरा आणायचा. बेकरीवाला तो पुडीत बांधून जवळजवळ फुकटच द्यायचा. चहात चमचाभर चुरा टाकला की आमची दिवाळी.

प्रत्येक वेळी मी ताट तिच्यापुढे ठेवून बघत बसायचो. ती मान खाली घालून वास घ्यायची. अगदी प्रामाणिकपणे, डोळे मिटून, शाळेतली मुलगी पाढा आठवते तशी.

"न्हाय आला," ती म्हणायची.

लसणाची फोडणी. न्हाय आला. चुलीत भाजलेला बोंबील. न्हाय आला. एकदा मी हिंग जरा जास्तच टाकला, इतका की मांजर घर सोडून गेलं. न्हाय आला. डॉक्टरनं लवंग, लिंबू असलं काही सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं होतं, तेही वर्षभर केलं. शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "इतकी वर्षं झाली, आता फार आशा धरू नका." एसटी गेली असं कंट्रोलर सांगतो त्या सुरात म्हणाला.

परतताना ती बोटीत म्हणाली, "आता पुरे करू या. तुम्ही दमता."

"एक पोपटी होऊ दे," मी म्हटलं. "पोपटीनं न्हाय आला तर मी परत विचारणार न्हाय."

तिनं मान हलवली.

पोपटी हे आमच्याकडच्या थंडीचं खाणं. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. ऐपत असली तर कोंबडी. पाणी एक थेंब नाही. मडक्याच्या तळाला, मधे आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं, वर पेंढा आणि माडाच्या सुक्या झावळ्या रचून पेटवायचं. भांबुर्डा म्हणजे थंडीत शेताच्या कडेला उगवणारं रान. पण त्याचा वास असा की मेलेला माणूस तिरडीवर उठून बसेल आणि विचारेल, कुणाकडे लावलीय? त्या वासासाठीच पोपटी. तो नसला तर त्या नुसत्या उकडलेल्या शेंगा.

पाला आणायचं काम आमच्या घरी कायम बायकोचं. ती पान चुरडायची, नाकाशी धरायची, मग तोडायची. मी मडकं पेटवणारा. त्या दिवशी मी तिला म्हटलं, तू बस, मीच आणतो. आता झालं असं होतं, की चार दिवस मला सर्दी. नाक असं चोंदलं होतं की श्वास तोंडानं घेत होतो. पण बाजारात शेंगावालीला घरी जायची घाई होती आणि शेंगा स्वस्तात मिळाल्या, वालाचा हंगामही सरत आलेला. सर्दी बरी व्हायची वाट बघितली असती तर पुढच्या वर्षावर गेलं असतं. गेलो शेतावर आणि भाराभर पाला घेऊन आलो.

दुपार कलली तेव्हा मडकं पेटवलं. कोंबडी नव्हती, पण चार अंडी होती, आणि तीही अख्खी, दोरा न लावता. जाळ घरापेक्षा उंच गेला. बायको उंबऱ्यावर शाल घेऊन बसली होती. जाळ बसल्यावर मी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, थेंब जागच्या जागी उडाला. म्हणजे शिजली. मडकं काठीनं आडवं केलं, तोंडाचा पाला ओढून काढला आणि वाफेचा लोट बाहेर आला. मी तिला हाताला धरून त्या लोटापुढे आणून बसवलं.

तिनं डोळे मिटले. बराच वेळ गेला. मी राखेनं माखलेला, नाकातून धार लागलेली, बाही नाकाला पुसत तिच्याकडे बघत बसलो. तिनं डोळे उघडून माझ्याकडे एकदा बघितलं.

"आला," ती म्हणाली.

"काय आला?"

"वास आला हो. भांबुर्ड्याचा."

मी पुन्हा विचारलं नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं एकदाही दया म्हणून हो म्हटलं नव्हतं, तिला दुसऱ्यांदा विचारायचं कशाला? मी एका पानावर शेंगा घेतल्या, अर्धं अंडं ठेवलं आणि आळीच्या टोकाला राहणाऱ्या कोळणीकडे धावत सुटलो. म्हातारी आम्हाला मासळी घालायची. टोपलीत शेवटी राहिलेली मूठ आमच्या दारात रिकामी करायची. वाटेत भेटेल त्याला सांगत गेलो. पहिल्याला सांगितलं, वास आला. दुसऱ्याला सांगितलं, वास येऊन शुद्ध हरपली. कोळणीच्या दारात पोचेपर्यंत डॉक्टर मुंबईहून बघायला निघालेला होता.

म्हातारी दारात जाळं विणत बसली होती. "काय रं, कोण मागं लागलं तुझ्या?"

"मावशी, तिला वास आला. पोपटीचा. भांबुर्ड्याचा वास आला म्हणाली."

म्हातारीनं हात जोडून कपाळाला लावले. मग एक शेंग उचलली, सोलली, तोंडात टाकली. चावायची थांबली. पान नाकाशी नेलं.

"भांबुर्डा टाकला व्हता तू?"

"तर काय. भाराभर."

"कुटला भाराभर? ह्याला तर कायच वास न्हाय." पानाला चिकटलेलं एक जळकं पातं तिनं चिमटीत धरून वर उचललं, चुरलं, माझ्या नाकाखाली धरलं. माझं नाक बंदच. "हे ढोरांच्या पायाखालचं रान हाय रं. दिसतं तसंच, पण भांबुर्डा न्हवं. इतका म्हातारा झाला, तुला पाला वळखता येत न्हाय?" ती हसायला लागली. "तुझी बायको कसला वास घेती मग?"

बोलून झाल्यावर ते तिलाही कळलं. तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं पान खाली ठेवलं, जाळं ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "जा घरी. थंड व्हईल."

घर जवळ होतं, पण मी लांबून, बंधाऱ्यावरून गेलो. बायको मडक्याजवळ बसून अंडं खात होती. दुसरं. इतक्या वर्षांत तिला काहीही दुसऱ्यांदा घेताना मी बघितलं नव्हतं. मला बघून तिनं घास घाईनं गिळला.

"काय म्हणाली मावशी?"

"झकास झालीय म्हणाली. असा भांबुर्डा तिनं जन्मात खाल्ला न्हाय."

"मग," ती म्हणाली, आणि एक बटाटा फोडून माझ्यापुढे ठेवला. "खा. तुम्ही सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय."

मी खाल्ला. गरम ओला पुठ्ठा.

आता ती रोज म्हणते. आठळ्यांचा रस्सा केला, वास आला. जवळा केला, आला. एवढं मन लावून सांगते की लसूण जरा जास्त परतला गेला, असंही म्हणते. तिच्या तोंडून खोटं अजून नीट बाहेर येत नाही, शब्दाच्या आधी जरा थांबतं. जेवते तेवढंच, अर्धी भाकरी. मी ताट पुढे ठेवतो आणि आता तिच्याकडे बघत बसत नाही. शेवग्याच्या त्या फांदीकडे, नाहीतर भिंतीकडे बघतो.

परवा बोंबील चिरून टोपात घातले, पाणी ओतलं, मसाला लावला, टोप स्टोव्हवर ठेवलं. काडेपेटी सापडेना म्हणून फळीवर शोधत होतो. ती मागच्या दारानं कपडे वाळत घालून आली, पदराला हात पुसले.

"काय मस्त वास सुटलाय," ती म्हणाली.

"बोंबील हाय," मी म्हटलं. काडेपेटी हाताला लागली होती. ती आतल्या खोलीत जाईपर्यंत मी तशीच मुठीत धरून उभा राहिलो, आणि मग स्टोव्ह पेटवला.