चव्वेचाळीस माणसं, पंचेचाळीस चिठ्ठ्या

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये शाळा सुटल्यावर मुलं संध्याकाळपर्यंत जिथे थांबतात, त्या आमच्या होर्टमध्ये अकोसुआ ओफोरी स्वयंपाक करायची. मूळची घानाची. माझी ईप्सिता तिसरीत. घरी भाताला नाक मुरडणारी ही पोर तिच्या हातचा भात दोनदा मागून घ्यायची. एस-बान लोकल उशिरा आली आणि मी सहाला पाच कमी असताना धापा टाकत पोचले, की अकोसुआ दारातूनच म्हणायची, "ईप्सिताची आई, पळू नकोस. पोर जागेवर आहे, तिचे दोन्ही हातमोजेसुद्धा." मला काळजी करायची सवयच आहे, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

ही बाई तिकडे शिक्षिका होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. कांदा चिरता चिरता तिने सांगितलं. दोन हजार सालचा डिसेंबर, गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मतदान केंद्र, आणि ती केंद्रप्रमुख. सकाळी पेटी उलटी करून सगळ्यांना रिकामी दाखवायची. मतदान संपलं की तिथेच, लोकांसमोर, एकेक मतपत्रिका उंच धरायची आणि जमलेल्यांनी मोठ्यांदा आकडा म्हणायचा. अंधारून आलं तेव्हा गावातले एक बडे गृहस्थ म्हणाले, "बाई, पेटी माझ्या घरी न्या, तिथे दिवे आहेत."

"मग दिवे इथे आणा," ही म्हणाली.

दिवे आले नाहीत. मोजणी कंदिलावर झाली. सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेऊन निकालाचा कागद हिने शाळेच्या दाराला चिकटवला. "मी ज्याला मत दिलं होतं, तो त्या पेटीत हरला," ती हसून म्हणाली. "आकडा मात्र मीच लिहिला."

आमचं होर्ट पालकच चालवतात. प्रत्येक कुटुंबाला एक मत. दोन हजार आठच्या नोव्हेंबरात लिंडनर नावाच्या एका पालकांनी प्रस्ताव आणला: स्वयंपाकघर बंद करू, जेवण बाहेरून मागवू. म्हणजे अकोसुआची नोकरी जाणार. गुरुवारी सभा ठरली. मतदान घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून मी हात वर केला. अकोसुआ मागच्या खुर्चीवर बसली होती. ती नोकरीतली, तिला मत नव्हतं.

तेवढ्यात विभावरीचा, होर्टमधल्याच माझ्या मैत्रिणीचा फोन. "इंगोलश्टाटहून निघाले गं, पण श्टाऊमध्ये अडकलेय. गाड्या हलतच नाहीयेत. माझं मत किचनला. धरून टाक."

मी धरून टाकलं. आमच्या मराठी मंडळात निम्मी मतं अशीच फोनवर येतात, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. तिची चिठ्ठी मी लिहिली, बुटांच्या खोक्यात टाकली, आणि लोक सफरचंदाचा रस पीत होते तोवर खोका आत नेऊन मोजून आले. स्वयंपाकघर राहावं: तेवीस. बंद व्हावं: बावीस. टाळ्या पडल्या.

"मोजलं कुठे? आत? एकटीने?" लिंडनर म्हणाले. "तुमची मुलगी हिची लाडकी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे."

मी काही बोलणार, तोच अकोसुआ उठली. "आल्झो, चला तर, पुन्हा मोजू. इथे, टेबलावर."

"अगं, तू जिंकलीयस!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मी कुठे उभी होते निवडणुकीला? मोज. आधी माणसं."

हजेरीच्या कागदावर चव्वेचाळीस सह्या. मग मी एकेक चिठ्ठी उंच धरू लागले. सुरुवातीला माणसं लाजत होती. विसाच्या पुढे सगळे मोठ्यांदा मोजत होते, लिंडनर सगळ्यांत जोरात. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.

अकोसुआने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, आणि ती माझ्यासाठी थांबली. मग मीच उभी राहिले आणि अडखळत्या जर्मनमध्ये विभावरीचा फोन सांगितला. तिचं मत काढल्यावर बावीस-बावीस झाले. पुढच्या गुरुवारी फेरमतदान.

बाहेर जाकीट घालताना मला रडूच आलं. "मी तुला बुडवलं."

"विभावरीला पाय आहेत ना? पुढच्या गुरुवारी ते घेऊन ये म्हणावं."

विभावरी आली. आधी न आलेली आणखी तीन कुटुंबंही आली. या वेळी चिठ्ठ्या लिंडनरांनीच उंच धराव्यात, असं अकोसुआने सुचवलं. पंचवीस विरुद्ध तेवीस. स्वयंपाकघर बंद. तिने निकाल लिहिला, माझी आणि लिंडनरांची सही घेतली, आणि कागद स्वयंपाकघराच्या दाराला स्वतः चिकटवला, चिकटपट्टी अंगठ्याने नीट दाबून.

"अकोसुआ गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती," घरी माझा नवरा उत्कर्ष म्हणाला.

"तू बसला असतास गप्प, ती नाही," ईप्सिता त्याला जर्मनमध्ये म्हणाली. एरवी मी तिला मराठीत बोल म्हणून टोकते. त्या दिवशी टोकलं नाही.

डिसेंबरात अकोसुआ मतदानाला घानात जाऊन आली. नंतर तिला म्युनिकच्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथे भात कमी, बटाटे फार, अशी तिची तक्रार. सहा वाजता दारात आता दुसरं कुणीतरी असतं, आणि मी पुन्हा पळत जाते.

मार्चमध्ये होर्टच्या कार्यकारिणीची निवडणूक आली. मतदान कुणी घ्यायचं, असं विचारल्यावर पहिलं नाव लिंडनरांनी घेतलं: फ्राऊ ओफोरी, म्हणजे आमची अकोसुआ. ती ड्यूटी संपवून थेट आली. तोच बुटांचा खोका तिने सगळ्यांसमोर उलटा केला आणि जोरजोरात झटकला. आतून एक जुना टिश्यू पेपर पडला. तो तिने उचलून सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवला, तेव्हा हशा पिकला.

"हसा," ती म्हणाली. "आधी माणसं."

पहिल्या रांगेतून मी मोठ्यांदा सुरुवात केली. एक.