चार बोटं जागा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचे इंग्रजीचे पेपर तपासत होते. रडू नंतर आलं. आधी हात पर्सकडे गेला. त्यांनी इंग्रजी करायला दिलेली दरखास्त बावीस दिवस तिथंच पडून होती...

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, उटनूरकडच्या तहसील कचेरीत जन्मभर कारकून. साध्या अर्जाचीही नक्कल ठेवायचे आणि तिच्या खाली उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा सोडायचे, पोचेच्या शिक्क्यासाठी. "शिक्का नाई तं दरखास्त दिलीच नाई समजजो," म्हणायचे. एका वर्षी ब्रह्मदेशातले एक तरुण बौद्ध भिक्खू, आमचे भंते, आमच्या विहारात पावसाळाभर वर्षावासाला राहिले. तीन महिने मामांनी त्यांना मराठी शिकवली, त्यांनी मामांना पाली. परत गेल्यावरही भंतेंची पत्रं यायची, मोडक्या मराठीत. मग तिकडं लष्करानं सत्ता बळकावली, विहारांवरही बॉम्ब पडल्याच्या बातम्या आल्या आणि पत्रं थांबली.

तेव्हापासून दर पौर्णिमेला वंदना आटोपली की मामा विहाराच्या ओट्यावर बसून जगाच्या कचेरीला लिहायचे, तिकडचे बॉम्ब थांबवा म्हणून. हा त्यांचाच शब्द. जिथं सगळे देश बसतात, तिथंही आवक-जावक बघणारा कारकून असणारच, ही त्यांची पक्की समजूत. मी चिडायचे. "मामा, तिथले साहेब चिंता व्यक्त करतात अन् जेवायला उठतात. तुमचं कोण वाचते?"

"कारकून वाचते न वं. त्यानं फाईल वर ठेवली तं साहेबाले पाहाच लागते. आमी काय करून राह्यलो होतो इतकी वर्षं?"

मी हसून इंग्रजी करून द्यायचे. उत्तर एकदाही आलं नाही. शेवटच्या भेटीत मात्र म्हणाले, "यावेळी लवकर दे बाई. भंते जिवंत हायेत का, एवढंच इचारलं." मी म्हटलं, पेपर संपू द्या.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मामींनी त्यांची फाईल माझ्यापुढे ठेवली. सगळ्या नकला तारखेवार लावलेल्या, प्रत्येकीचा कोपरा कोरा. जगाला नावं ठेवणारी मी. पण जगाची कचेरी निदान लांब तरी होती. मी तर दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. त्यांचं ते 'न वं' एकदा ऐकायला मिळावं म्हणून आता जीव तुटतो.

त्याच दुपारी इंग्रजी केलं, पोस्टात टाकून आले. भंतेंचा अजून पत्ता नाही. मग मामांच्या हातची शेवटची नक्कल उघडली आणि कोऱ्या कोपऱ्यात लिहिलं, 'मिळाली', खाली माझी सही. तारीख त्यांनी कागद दिला त्या दिवसाची टाकावी, असं फार फार वाटलं. पण मागची तारीख मामांनी उभ्या जन्मात कुणाला टाकू दिली नव्हती. मी आजचीच टाकली.