नाटकाचा उठावना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला रडू येणार आहे. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिले, एकाही साहेबाने कधी लाल रेघ मारली नाही. आणि रिटायर झाल्यावर एका मेसेजमध्ये अशी माती खाल्ली की आजही भाजी घ्यायला निघालो की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग बायकोकडे, आणि मग हात जोडतात!

मी रोज सकाळी तीन पेपर वाचतो आणि रोज तिन्हींवर संतापतो. पहिलं पान जाहिरात, दुसरं पान जाहिरात, तिसऱ्यावर कुठल्या पोहेवाल्याने पोह्यात काय नवीन घातलं त्याची बातमी. नाटक? गाणं? वाचनालय? अहो, नाव नका घेऊ! कचऱ्याच्या गाडीचं गाणं अख्ख्या इंदूरला तोंडपाठ आहे, पण आपल्या सभागृहात कुठलं नाटक चालू आहे ते शेजारच्या पानवाल्यालाही ठाऊक नसतं. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसासाठी तासभर उभे राहतील, नाटकाला मात्र 'टाइम नहीं है भिया!'

तर आमच्या कॉलनीतली मृण्मयी. शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात नाटक करते. सात-आठ जणांचा ग्रुप, सभागृहाच्या मागच्या खोलीत तालमी. कॉलनीच्या कमिटीने तिला बजावलं, "या प्रयोगाला अर्धा हॉल तरी भरला पाहिजे, नाहीतर खोली झुंबा क्लासला देऊ." प्रयोग रविवारी साडेपाचला. शनिवारपर्यंत किती जण येतो म्हणाले होते? चौदा! त्यातले सहा कलाकारांचे आईबाप.

पोरीचे डोळे भरून आले हो. "काका, खोली गेली की ग्रुप गेला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, या लोकांना असा चिमटा काढतो की जन्मभर लक्षात राहील.

आपल्या इंदुरात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी उठावना असतो. पांढरे कपडे घालायचे, थोडा वेळ बसायचं, फूल वाहायचं, निघायचं. लग्नाला टांग मारणारा माणूसही उठावन्याला हजर. मी ठरवलं, मराठी नाटकाचाच उठावना घालायचा! रविवारी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मजकूर टाकला:

'अत्यंत जड अंतःकरणाने कळवितो की, जिच्या सोबतीने माझं उभं आयुष्य गेलं, जिने आपल्या सगळ्यांना जीव लावला, ती परवा कुणालाही न कळता गेली. उठावना आज सायंकाळी पाच वाजता आपल्या सभागृहात. कृपया घरी येऊ नये, थेट तिथेच यावे.'

पुढे सात परिच्छेद. तिचं वैभव, तिचं आजारपण, आपलं दुर्लक्ष. आणि शेवटच्या ओळीत बॉम्ब: 'ती म्हणजे आपली मराठी रंगभूमी. नाटकाला या, म्हणजे ती जिवंत होईल.' मसुदा लिहिणारा माणूस मी, मुख्य मुद्दा शेवटीच येणार! मेसेज टाकला, फोन बंद केला आणि झकास झोपलो. म्हटलं, होऊ दे बोंबाबोंब.

आता मला सांगा, फोनवर लांब मेसेज अर्ध्यात कापला जातो आणि खाली 'आणखी वाचा' येतं, ते कोण दाबतं? त्यातून मेसेज माझा! माझ्या मेसेजवर ते बटण आजपर्यंत कुणी दाबलेलंच नाही, हे मला नंतर कळलं.

आणि शैला, म्हणजे माझी बायको, चार दिवसांपासून घरात नव्हती. मानपूरला बहिणीकडे गेली होती.

पावणेपाचला सभागृहात पोचलो तर चपलांचा डोंगर! आत शिरलो तर खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं उभी, आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत! माझा ऊर भरून आला. म्हटलं, वा रे पठ्ठे! गंमत कळली लोकांना, नुसती कळली नाही, त्यात सामील झाले!

समोरच्या बंगल्यातल्या दुबेजींनी मला मिठीच मारली. "हिम्मत रखो भिया."

"ये तो एक दिन होना ही था दुबेजी," मी म्हणालो. "बरसों से बीमार थी, किसी ने ध्यान ही नहीं दिया."

"हमको तो अच्छी-भली लगती थीं!"

"ऊपर से. अंदर से खोखली हो गई थी. और सच बोलूँ? हम ही लोगों ने मारा है उसको!"

दुबेजी दोन पावलं मागे सरकले.

"लेकिन आज इतने लोग देख के मजा आ गया!" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते जे गर्दीत गेले ते वळून बघेनात.

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या पाटणकर वहिनी आल्या. पदर तोंडाला, हुंदके थांबेनात. "भाऊजी, माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस डबा दिला हो त्यांनी!"

डबा? नाटकाने? मला काही टोटलच लागेना. तेवढ्यात स्टेजकडे लक्ष गेलं. पडद्यापुढे टेबल, टेबलावर समई, आणि हार घातलेला फोटो. हळदीकुंकवाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. आमच्या शैलाचा!

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती खरंच सरकते बरं का. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"अहो! मी कधी मेले?"

दारात शैला! मागे तिची बहीण. झालं असं होतं की दुपारी कुणीतरी बहिणीला सांत्वनाचा फोन केला आणि तो नेमका शैलानेच उचलला. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून बाईने मानपुरात जीप ठरवली आणि तडक इथे!

मग काय विचारता! किंकाळ्या, रडारड, हसणं, सगळं एकदम. बायका तिला कवटाळून रडल्या. मी माइक धरून सात परिच्छेदांचा खुलासा केला. कुणी ऐकलाच नाही.

पडद्याच्या फटीतून मृण्मयी भरलेला हॉल बघत होती. सकाळपासून फोन बाजूला ठेवून तालमीत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. पोरीचा चेहरा इतका फुलला होता की मला तो बघवेना.

"बसा, बसा! आता नाटक आहे! फुकट आहे!" मी ओरडलो.

दुबेजी उठले. "भाभीजी सलामत हैं, भगवान की किरपा है. अब रुक के क्या करेंगे भिया?" आणि चपला शोधायला निघाले. त्यांच्यामागे सगळे. दहा मिनिटांत हॉल रिकामा!

उरले चौदा, शैला, तिची बहीण, वॉचमन आणि मी. मेलेल्या बाईसाठी तोबा गर्दी, जिवंत नाटकासाठी अठरा माणसं. सांगा, या शहराचं काय करायचं? मृण्मयीने नाटक पूर्ण केलं, एक वाक्य न गाळता. फार सुंदर केलं हो. मी मान खाली घालून बघितलं.

कमिटीला तिची दया आली. म्हणाले, एक शेवटची संधी, पुढच्या महिन्यात. अट तीच, अर्धा हॉल.

परवा तिचा फोन आला. "काका, हात जोडते, या वेळी मेसेज टाकू नका."

मला गहिवरून आलं. म्हटलं, "मृण्मयी, मी तुझा अपराधी आहे. या वेळी शैलाचं नाही, माझं नाव घाल. खुशाल माझा उठावना आहे म्हणून सांग. तुझ्या नाटकासाठी मी मरायला तयार आहे!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, पोरगी रडतेय.

मग ती हळूच म्हणाली, "तसं नाही काका... पण अर्धा हॉल भरायला हवा ना."