करपलेली भाकरी

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेशेजारी ती सुकी मासळी घेऊन बसते. वसईकडची कोळीण. नाव मी विचारलं नाही, विचारणारही नाही. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती भांडत नाही, बोंबलाची जुडी उचलून गुपचूप परत पाटीत ठेवते.

वादळाच्या आदल्या दिवशी मी रांगेत उभी होते, रिक्षावाल्याच्या मोबाइलवर बातमी चालू होती: किनाऱ्यावर जोराचे वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तिचा नवरा बोटीवर असतो हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मावशी, घाबरू नका."

ती हसायलाच लागली. "घाबरू कशाला, बाय? बंदरावर धोक्याचा बावटा लागला का माझा माणूस घरी हाय."

माझा नवरा काल्हेरच्या गोदामातून माल भरून ट्रक नेतो. त्या वादळातही तो हायवेवर होता. ट्रकवाल्यांसाठी कुणी बावटा लावत नाही.

वादळ सरल्यावर ती आली आणि माझ्यासमोरच डबा उघडून बसली. आत एका बाजूने काळी पडलेली, वेडीवाकडी भाकरी. "त्यानं केली," म्हणाली आणि अर्धी मोडून माझ्यापुढे धरली. मी पोट भरलंय म्हणून सांगितलं. तिने करपलेली कडसुद्धा चवीने चावून खाल्ली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हल्ली हवामानाची बातमी मीही लक्ष देऊन ऐकते. समुद्र शांत राहील, बोटी जायला हरकत नाही, असं सांगितलं की, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं.