नगरच्या पाण्यातली डाळ

भोरचा माणूस परगावी गेला की आधी तिथलं पाणी पितो आणि मग नाक मुरडतो. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, तर घोट घशाखाली उतरायच्या आधीच कळायचं. "जड आहे," म्हणायचे आणि भांडं खाली ठेवायचे. पुण्याचं जड, साताऱ्याचं बरं पण त्याला चव नाही, सोलापूरचं तर जनावरानंही तोंड लावू नये असं. मुंबईचं पाणी ते कधी प्यायलेच नव्हते, तरी तेही वाईटच होतं. आणि आमच्या नीरा नदीचं? ते हलकं! वर तांब्याभर नीरेचं पाणी प्यायलं तर दगडसुद्धा पचेल, असं सांगायचे. दगड कुणी खाऊन पाहिला होता कोण जाणे.

अण्णा आधी संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून ते मामलेदार कचेरीचे कारकून झाले. राजधानीचं गाव एका रात्रीत तालुक्याचं गाव झालं, हे त्यांना काही पचलं नाही. म्हणून मग पुण्याला पाण्यात बघणं सुरू झालं असावं. पानशेत फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आमचे पुण्याचे नातेवाईक महिनाभर आमच्याकडे राहिले होते. बिचाऱ्यांचं अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. त्यांना पानावर बसवून अण्णा म्हणाले, "आमचं भाटघरचं धरण बघा. इंग्रजाच्या काळापासून उभं आहे. हललंय का?" आई आतून डोळे वटारत होती, पण अण्णा कुठले तिकडे बघतायत! ते लोक खाली मान घालून जेवले.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं हो. पण या पाण्यापायी माझं लग्न अडलं होतं. चोविसावं गेलं, पंचविसावं गेलं, सव्विसावं लागलं. त्या काळात सव्वीस म्हणजे घोडनवरी. बायका हळदीकुंकवाला बोलावायच्या, कुंकू लावायच्या आणि "यंदा तरी?" म्हणून आईकडे बघायच्या. स्थळं येत नव्हती असं नाही. पुण्याचं आलं, साताऱ्याचं आलं, सोलापूरचंही आलं. प्रत्येक वेळी पत्रिका जुळायची, मुलगा निर्व्यसनी असायचा आणि मग अण्णा त्याचं गाव जोखायला बसायचे. गावातली स्थळं तर आमच्या नात्यागोत्यातच निघायची, त्यामुळे तीही बाद. शेवटी मी घरातच.

तेव्हा मी वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. सोमवारी भोरहून निघायचं, चेलाडी फाट्यावर गाडी बदलायची आणि शनिवारी सकाळची शाळा करून परत यायचं. मधले दिवस एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहायची. त्या घरच्या कर्त्या बाईला मी मावशी म्हणायची. मावशीचं अण्णांच्या अगदी उलट. तिच्या लेखी भोर म्हणजे निव्वळ कागदं आणि शिक्के. "तुमच्या भोरात काय हाय वो बाई?" ती म्हणायची. "दाखला काडाया जायचं, दिसभर ऊन खायाचं, आन् सायब न्हाई म्हून म्हागारी यायाचं. हितं कसं, लई बेस." म्हणजे तिचंही तेच. माणूस कुठंही बसला की बूड टेकलेल्या जागेचीच आरती करतो.

त्या वर्षी चैत्रात नगरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत होता. बोटांना रंगाचे डाग तसेच ठेवून तो मला बघायला आला. आईला ते आवडलं नाही, मला आवडलं. आजवर जे आले त्यांनी मला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, एवढंच विचारलं होतं. यानं विचारलं, "विंझरला शाळेत मुली येतात का हो?" मी म्हटलं, "येतात, पण भातलावणी लागली की गायब होतात." तो हसला आणि म्हणाला, "नगरलाही शाळा आहेत. तुम्ही काम सोडू नका." बस, एवढंच. खोटं कशाला बोलू, मी त्या क्षणी मनानं नगरला जाऊन पोचले होते.

अण्णांनाही मुलगा पसंत पडला. पण गाव? गाव पाहायला त्यांनी काकाला धाडलं. काका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. लग्न न केलेला, आमच्यातच राहणारा, अण्णांच्या खोकल्यालाही दचकणारा. त्याला सोबत फिरकीच्या झाकणाचा तांब्या दिला. आमच्या घरातली ही पद्धतच होती: परगावचं पाणी तांब्यात भरून आणायचं आणि डाळ शिजवून बघायची. दोन शेगड्या, दोन पातेली, एकात नीरेचं पाणी, दुसऱ्यात परगावचं. दोन्हींत एकाच डब्यातली मूठमूठ तूरडाळ. मीठ नाही, हळद नाही. आई मधून मधून डाळीचा दाणा काढून दोन बोटांत दाबायची आणि अण्णा पाटावर बसून वाट बघायचे. पाणी हलकं असेल तर डाळ लोण्यासारखी होते, जड असेल तर दाणा राहतो. त्यावर गावाचा निकाल.

काका तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला, चेहरा उन्हानं रापलेला. घर चांगलं आहे म्हणाला, माणसं साधी आहेत म्हणाला, सासूबाईंनी आग्रह करकरून जेवायला घातलं म्हणाला. मग तांब्या पुढे ठेवला. शेगड्या पेटल्या. मी दाराआड उभी होते. हसू नका, पण मी त्या पातेल्याला मनातल्या मनात हात जोडत होते. शिज गं बाई, शिज! नीरेच्या पाण्यातली डाळ तासाभरात मोडली. दुसऱ्या पातेल्यात दाणा न् दाणा वेगळा, जणू आत्ताच टाकलाय. आईनं तो दाबला, पुन्हा दाबला. अण्णांकडे बघून नुसती मान हलवली.

"संपलं," अण्णा म्हणाले. "असल्या पाण्यानं पोरीचं पोट बिघडेल, पुढं पोरांचं बिघडेल." रविवारी त्यांनी नगरला कार्ड लिहिलं. मी समोरच बसले होते, तरी मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. मुलीनं स्वतःच्या लग्नाबद्दल काय बोलायचं असतं?

सोमवारी सकाळी काका मला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागायची होती. तो इकडे तिकडे बघत होता, चप्पल घासत होता. मग एकदम म्हणाला, "तुला सांगू का, ते पाणी नगरचं नव्हतं गं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. ऊन असलं भाजत होतं की पुण्याच्या स्टँडवर त्यानं निम्मा तांब्या पिऊन टाकला. पुढं कापूरहोळला गाडी बंद पडली, दोन तास उन्हात बसावं लागलं, तेव्हा उरलेलंही संपलं. रिकामा तांब्या घेऊन घरी यायची हिंमत होईना. म्हणून समोरच्या हॉटेलामागच्या विहिरीवरून भरून घेतला. "मला वाटलं, पाणी ते पाणी," तो म्हणाला. "डाळ शिजणारच नाही हे मला काय माहीत?"

म्हणजे माझं नगर कापूरहोळच्या विहिरीत बुडालं! मी त्याला तिथंच, सगळ्या स्टँडसमोर विचारलं, "मग अण्णांना का नाही सांगितलंस?" तो रडकुंडीला आला. "मला घरात ठेवणार नाहीत गं ते," म्हणाला. त्याचंही खरंच होतं. गाडी आली, मी चढले. पूर्ण आठवडा मी वर्गात काय शिकवलं देव जाणे. मावशीला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. "आगं बया! पानी पिऊन पोरी देत्यात व्हय तुमच्या भोरात? मान्सं बगत न्हाईत?" मग गंभीर होऊन म्हणाली, "बोला बाई तुमी. तुमी न्हाई बोलनार तर कोन बोलनार?"

शनिवारी घरी गेले. अण्णा चहा पीत होते, काका बाजूलाच बसला होता. पिशवी खाली ठेवली आणि बोलले. "अण्णा, ते पाणी नगरचं नव्हतं. कापूरहोळचं होतं. काकानं वाटेत भरून घेतलं होतं."

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं, काकावर, माझ्यावर, कुणावरही. राग आला नाही. ते शांतपणे म्हणाले, "कापूरहोळ कुठल्या तालुक्यात आहे?"

"भोर."

"मग? आपल्या तालुक्यातल्या पाण्यात डाळ शिजत नाही, असं तुझं म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "मी आज जाते आणि कापूरहोळचं पाणी घेऊन येते. तुमच्यासमोर शिजवते."

"मुलीनं आपल्या लग्नासाठी पाणी वाहत फिरायचं? लोक शेण घालतील तोंडात." मग काकाकडे वळले. "काय रे? कुठलं होतं पाणी?"

काका माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघून म्हणाला, "नगरचंच, दादा. तिच्या ऐकण्यात काहीतरी चूक झालीय."

अण्णा आईला म्हणाले, "हिला एवढी घाई झाली आहे होय? खोटं बोलण्यापर्यंत मजल गेली." बास. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नगर गेलं ते गेलंच, वर मी लग्नासाठी उतावीळ झालेली, काकावर बालंट आणणारी पोर ठरले. काकाचा मला संताप आला, मग त्याच्याकडे पाहून तोही टिकला नाही. बिचारा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला होता.

मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून रडले. आई आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नगर फार लांब होतं गं. एकटी पडली असतीस." मी विचारलं, "आई, तू वाईची. तुला तुमच्या कृष्णेचं पाणी आवडत नव्हतं का?" ती म्हणाली, "आवडायचं की. पण इथं येऊन ते कुणाला सांगायचं?" आणि वाळत घातलेले कपडे काढायला उठली.

त्या मुलाचं लग्न वर्षाच्या आत झालं, आणि तेही भोरच्याच मुलीशी. आमच्या पलीकडच्या गल्लीतली, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, लहानपणी माझ्याकडे पाढे पाठ करायला यायची. तिच्या वडिलांनी तांब्याबिंब्या काही पाठवला नाही. लग्नाला मी गेले होते. अक्षताही टाकल्या.

दोन वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आईनं तिला जेवायला बोलावलं. मला एकोणतिसावं लागलं होतं आणि स्थळं यायची एव्हाना थांबली होती. ती आली, चेहऱ्यावर तेज, बोलताना हसू थांबत नव्हतं. त्यांनी मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलंय, बाळ झालं की पुरं करायचं म्हणतात, असं आईला सांगत होती. मी वाढत होते. तिच्या पानात भातावर भात वाढत गेले.

अण्णांनी जेवता जेवता विचारलंच. "काय गं, नगरचं पाणी कसं काय?"

"चांगलं आहे की अण्णा," ती म्हणाली.

"पण डाळ शिजत नसेल."

"शिजते की!" ती हसली. मग अण्णांचा चेहरा तिनं पाहिला असावा. पोर मुळात गोड. घाईनं म्हणाली, "पण आपल्या भोरची सर त्याला नाही हो. भोर ते भोरच."

अण्णांनी मान डोलावली. मी तिच्या पानात आमटी वाढायला वाकले, तेव्हा तिनं माझा हात धरला. "ताई, तुम्ही या ना सुट्टीत नगरला. खरंच या. घर मोठं आहे, सासूबाई प्रेमळ आहेत. पाहा तरी आमचं गाव."

मला जायचं होतं. देवाशपथ, त्या क्षणी मला उठून तिच्याबरोबर जावंसं वाटत होतं, नुसतं ते घर बाहेरून बघायला तरी. आई माझ्याकडे बघत होती. काका पानाकडे बघत होता. अण्णा हात थांबवून वाट बघत होते.

"नको गं," मी म्हटलं. "मला नाही मानवणार तिकडचं पाणी."

अण्णा समाधानानं हसले आणि त्यांनी आणखी थोडा भात मागितला.